बुळकांडी ते बरेली : पशुवैद्यकाच्या एका राष्ट्रीय संस्थेचा इतिहास आणि तिथला प्रवेश



दहावीचा निकाल लागला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पालकांची रांग लागते. प्रश्न ठरलेले असतात. "सर, मॅथ्स घ्यावं की कॉमर्स?" बायोलॉजीबद्दल विचारणारे थोडे, आणि त्यांचाही दुसरा प्रश्न लगेच येतो, "पण सर, एमबीबीएसला नंबर लागला नाही तर पुढे काय?" याच भीतीपोटी आपल्या शाळेत अकरावीच्या जीवशास्त्र वर्गात दर वर्षी मुले कमी होत चालली आहेत. हा वर्ग पुढे चालू ठेवावा किंवा कसे, याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आहे. निर्णय मंडळाचा आहे आणि तो मंडळ विचारपूर्वक घेईलच. परंतु त्याआधी त्या "पुढे काय" या प्रश्नाचे एक उत्तर तरी सर्वांसमोर नीट मांडावे, असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

ते उत्तर म्हणजे पशुवैद्यक. आणि ते समजावून सांगण्यासाठी मी उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेचे, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या 'आयव्हीआरआय'चे उदाहरण घेत आहे. हिंदीत 'अनुसंधान' म्हणतात, आपण मराठीत 'संशोधन' म्हणतो, अर्थ एकच. ही संस्था आज बरेलीत असली तरी तिचा जन्म मात्र आपल्या पुण्यातला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

जगातील पहिली शाळा

जनावरांवर उपचार करणारे लोक सर्व देशांत पूर्वापार होते. आपल्याकडे घोड्यांच्या रोगांवर 'शालिहोत्र' नावाने शास्त्रच होते. परंतु वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षा असलेली पशुवैद्यकाची आधुनिक शाळा प्रथम फ्रान्समधील ल्यों शहरात १७६२ साली सुरू झाली. तिचे संस्थापक क्लोद बुर्जला हे मूळचे वकील, नंतर घोडेस्वारी शिकवणाऱ्या अकादमीचे प्रमुख. पॅरिसजवळच्या आल्फोर येथे दुसरी शाळाही त्यांनीच काढली. ती आजही चालू आहे.

राजाने या शाळेला मदत का केली, याचे कारण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्या काळी युरोपात गुरांची एक भयंकर साथ पुन्हा पुन्हा येत होती. इंग्रजीत तिला रिंडरपेस्ट म्हणतात, हिंदीत पोकनी, आणि मराठीत बुळकांडी. आजोबांच्या पिढीतील, खेड्यात वाढलेल्या कुणालाही हा शब्द विचारून पाहा. जनावराला ताप चढायचा, डोळ्यानाकातून पाणी गळायचे, तोंडात फोड यायचे, मग जुलाब सुरू व्हायचे आणि आठ-दहा दिवसांत जनावर जायचे. एका गोठ्यात शिरली की गावातले गोठे रिकामे व्हायचे. बैल गेला म्हणजे नांगर गेला, नांगर गेला म्हणजे पीक गेले, आणि पीक गेले म्हणजे पुढचा पाहुणा दुष्काळ. बुळकांडी हा केवळ गुरांचा रोग नव्हता, तो माणसांच्या पोटावरचा घाला होता. पशुवैद्यकाचे शिक्षण जगात सुरू झाले ते हौसेपोटी नव्हे, या गरजेपोटी.

प्रारंभ पुण्यात

भारतातही तीच कथा घडली. एकोणिसाव्या शतकात गुरांच्या साथींनी इतके नुकसान केले की इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. जे. एच. बी. हॅलन हे त्याचे प्रमुख होते आणि १८७१ साली आयोगाचा अहवाल आला. देशात गुरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा आणि त्यासाठी व्यवस्था उभी राहावी, हा त्यातील विचार प्रत्यक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली.

दरम्यान पशुवैद्यकाच्या शाळा निघू लागल्या होत्या. सैन्यासाठी पुण्यात १८६२ साली एक शाळा निघाली होती, कारण फौजेला घोडे हवे होते आणि घोड्यांना वैद्य हवे होते. लाहोरला १८८२ साली आणि मुंबईत परळला १८८६ साली महाविद्यालय सुरू झाले. परळचे ते महाविद्यालय म्हणजे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय.

अशा वातावरणात ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. हेच कॉलेज पुढे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. बुळकांडीबरोबरच घोड्याउंटांना होणाऱ्या सर्रा या रोगावरही त्यांनी मोठे काम केले.

काळाचे भान यावे म्हणून सांगतो. लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस माणसाला प्रथम दिली ती १८८५ साली. म्हणजे रोग जंतूंमुळे होतात ही गोष्ट युरोपातही अजून नवी होती, तेव्हा पुण्यात जनावरांच्या रोगजंतूंची प्रयोगशाळा उघडली होती.

पुण्याहून हिमालयात

मग ती पुण्यात राहिली का नाही? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. बुळकांडीचा अभ्यास करायचा तर रोगी जनावर जवळ ठेवावे लागते. आणि बुळकांडी इतकी संसर्गजन्य, की प्रयोगशाळेतून रोग बाहेर पडला तर आसपासच्या सर्व गावांतली गुरे मरतील. पुणे हे दाट वस्तीचे शहर, भोवताली शेती आणि गोठे. तिथे असे काम करणे म्हणजे गवताच्या गंजीशेजारी भट्टी पेटवणे.

म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. सुमारे साडेसात हजार फूट उंची, चहूकडे जंगल, वस्ती विरळ आणि हवा थंड. थंड हवेचा आणखी एक फायदा होता. लसी आणि रक्तद्रव उष्णतेने खराब होतात आणि त्या काळी आजच्यासारखे फ्रिज नव्हते. मुक्तेश्वरला निसर्गच शीतगृहाचे काम करत होता.

क्षयाचे आणि पटकीचे जंतू शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे १८९७ साली मुक्तेश्वरला येऊन गेले. त्याच वर्षी मुंबईतील प्लेगचा अभ्यास करण्यासाठी ते भारतात आले होते. १८९९ मध्ये आगीने प्रयोगशाळेची मुख्य इमारत भस्मसात झाली, परंतु काम थांबले नाही. इमारत पुन्हा उभी राहिली आणि बुळकांडीविरुद्धचे रक्तद्रव तयार होऊ लागले.

काम वाढले तसा डोंगर अडचणीचा ठरू लागला. मोठ्या प्रमाणावर रक्तद्रव तयार करायचे तर पुष्कळ जनावरे, त्यांचा चारा, आणि तयार माल देशभर पाठवण्यासाठी आगगाडी हवी. म्हणून १९१३ साली सपाटीवर, बरेलीजवळ इज्जतनगरला संस्थेची दुसरी शाखा निघाली. काळाच्या ओघात तेच मुख्य ठाणे झाले. स्वातंत्र्यानंतर नावातले 'इंपीरियल' गेले आणि 'इंडियन' आले. मुक्तेश्वरचे केंद्र आजही चालू आहे.

बुळकांडीचा अंत

१९२७ च्या सुमारास मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू बोकडांच्या शरीरात एकामागून एक वाढवला. असे करता करता तो विषाणू गुरांसाठी सौम्य झाला. तो टोचला की गुराला जीवघेणा रोग न होता प्रतिकारशक्ती मिळू लागली. या लसीने पुढे भारतात आणि भारताबाहेरही लाखो गुरे वाचवली.

स्वतंत्र भारताने १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पशुवैद्य आणि त्यांचे मदतनीस गावोगाव, पाड्यापाड्यांवर पोहोचले. हाताशी थंड पेटी, खांद्याला सुया आणि समोर बुजलेले जनावर. गुरे काही रांगेत उभी राहत नाहीत. लस चांगली होत गेली, पद्धत बदलत गेली, पण हे पायी चालणे चुकले नाही. अखेर भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ साली सापडला. २००६ साली भारताला या रोगापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

मानवाने पृथ्वीवरून समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच. पहिला देवी, १९८० साली. दुसरा बुळकांडी. देवीची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असते, बुळकांडीची सहसा नसते. 'ढोरांचा डॉक्टर' असे ज्याला आपण जरा नाक मुरडून म्हणतो, त्या माणसाचे हे काम आहे.

संस्थेचे कामही तेथे संपले नाही. शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या पीपीआर या साथीच्या रोगावरची लस येथेच तयार झाली. २०२२ साली लंपी रोगाने राजस्थान-गुजरातसह आपल्या माळव्यातही गुरे आजारी पडली. त्या रोगावरची स्वदेशी लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेच्या सहकार्याने विकसित केली आणि ती त्याच वर्षी जाहीर झाली.

प्रयोगशाळेचे विद्यापीठ झाले

१९५८ साली येथे पदव्युत्तर महाविद्यालय सुरू झाले आणि १९८३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे ती स्वतःच्या पदव्या देऊ लागली. तथापि बरीच वर्षे येथे फक्त एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. हेच अभ्यासक्रम होते. बारावीनंतर थेट प्रवेश नव्हता. तो २०१५-१६ या सत्रापासून मिळू लागला, जेव्हा बी.व्ही.एस्सी. ॲण्ड ए.एच. हा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. जुन्या माहितीवर विसंबून काही मंडळी अजूनही "तिथे बारावीनंतर जाता येत नाही" असे सांगतात. ते आता खरे नाही.

इज्जतनगर आणि मुक्तेश्वरखेरीज बेंगळुरू, कोलकाता, पालमपूर, श्रीनगर येथे संस्थेची केंद्रे आहेत. पुण्यातही संस्थेचे एक प्रशिक्षण व शिक्षण केंद्र आहे. जिथून निघाली तिथे ती पुन्हा एका पायाने परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

बारावीनंतरचा प्रवेश

आता पालकांना हवा असलेला भाग. पुढील गोष्टी शांतपणे वाचाव्यात आणि शक्य तर कात्रण जपून ठेवावे.

१. विषय. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असलेच पाहिजेत. सर्वसाधारण वर्गासाठी या विषयांत मिळून किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव वर्गांना सवलत आहे. येथे इंग्रजीचेही गुण धरले जातात, हे आपल्या हिंदी माध्यमाच्या मुलांनी विशेष ध्यानात ठेवावे. "इंग्रजी फक्त पास झाली की पुरे" हा समज महागात पडतो.

२. वय. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला विद्यार्थ्याची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलांना लवकर शाळेत घालणाऱ्या पालकांनी ही तारीख तपासावी.

३. परीक्षा. वैद्यकीय प्रवेशासाठी जी नीट परीक्षा होते, तीच पशुवैद्यकासाठीही लागते. एकूण १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांतले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न, एकट्या जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेव्हा ठोकून देण्याची सवय घातक.

४. अर्ज. येथेच सर्वांत जास्त चुका होतात. नीटचा फॉर्म भरला म्हणजे पशुवैद्यकाचा अर्ज झाला, असे नाही. नीटचा निकाल लागल्यावर वेगळी नोंदणी करावी लागते. देशातील मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात आणि त्यांचे काउन्सेलिंग भारतीय पशुचिकित्सा परिषद करते. राज्याच्या जागांसाठी आपल्याकडे जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचे वेगळे काउन्सेलिंग असते. इज्जतनगरच्या संस्थेसाठी त्या त्या वर्षाची संस्थेची प्रवेश अधिसूचना पाहून त्याप्रमाणे अर्ज करावा. नीटचा निकाल लागल्यापासून दर दोन दिवसांनी या तिन्ही ठिकाणच्या सूचना पाहण्याचे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावे. तारीख टळली की उत्तम गुणही उपयोगी पडत नाहीत.

५. कालावधी. अभ्यासक्रम एकूण साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर पशुचिकित्सा परिषदेकडे नोंदणी झाली की स्वतःच्या नावाने उपचार करण्याचा अधिकार मिळतो.

मराठी घरांसाठी तीन खास सूचना

पहिली सूचना रहिवासाची. आपण घरी मराठी बोलतो, आपली आडनावे मराठी, कुलदैवते महाराष्ट्रातली. त्यामुळे "मुलाला नागपूरला नाहीतर परभणीला घालू, आपलंच आहे ते" असे पालक सहज म्हणतात. परंतु प्रवेशाच्या खिडकीवर आडनाव चालत नाही, कागद चालतो. महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातील जागा तेथील रहिवासाच्या आणि शिक्षणाच्या अटींवर भरल्या जातात. इंदुरात जन्मलेल्या आणि इथेच दहावी-बारावी झालेल्या मुलासाठी तेथे उघडी असते ती १५ टक्क्यांची अखिल भारतीय वाट. उलट मध्य प्रदेशात जबलपूर, महू आणि रीवा या तिन्ही महाविद्यालयांच्या राज्य कोट्यावर आपल्या मुलांचा पूर्ण हक्क आहे. त्यासाठी मूल निवासी प्रमाणपत्र वेळेवर तयार ठेवावे.

दुसरी सूचना जातीच्या दाखल्याची. एखादी जात महाराष्ट्राच्या यादीत असते पण मध्य प्रदेशाच्या यादीत नसते. शिवाय इतर मागासवर्गाची केंद्राची यादी आणि राज्याची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही चालू वर्षाचा लागतो. ही कामे निकालाच्या आठवड्यात होत नाहीत. अकरावीच्या दिवाळीपर्यंत उरकून घ्यावीत.

तिसरी सूचना भाषेची. नीटची प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत निघते. हे ऐकून काही पालकांनी मोठ्या उत्साहाने मुलांना मराठी निवडायला सांगितले होते. त्यांच्या मराठीप्रेमाचा मला आदर आहे, परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते; हिंदी आणि इंग्रजी मात्र देशभर मिळतात. दुसरी त्याहून महत्त्वाची. माझी स्वतःची पदवी हिंदी माध्यमातली, म्हणून हा फरक मला चांगला ठाऊक आहे. हिंदी विज्ञानात 'पेशी' म्हणजे स्नायू, आणि मराठी विज्ञानात 'पेशी' म्हणजे ज्याला हिंदीत 'कोशिका' म्हणतात ती. हिंदीत 'आमाशय', मराठीत 'जठर'. दोन वर्षे हिंदी किंवा इंग्रजी पुस्तके वाचलेल्या मुलाने परीक्षेच्या दिवशी मराठी पेपर हाती घेतला, तर येणारे उत्तरही चुकेल. ज्या भाषेत अभ्यास झाला, त्याच भाषेत परीक्षा द्यावी. हिंदी निवडली तर बरोबर छापलेला इंग्रजी मजकूरही वाचावा, कारण भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो. मराठी आपण घरी बोलू, या पत्रिकेत लिहू, गणेशोत्सवात गाऊ. तिच्यावरचे प्रेम नीटच्या फॉर्मवर सिद्ध करण्याची गरज नाही.

बरेलीचा रस्ता महूवरूनही जातो

बारावीनंतर थेट इज्जतनगरला जागा मिळाली तर आनंदच आहे. पण तेथे स्पर्धा देशभरातल्या मुलांची असते. नाही मिळाली तर निराश होण्याचे कारण नाही. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर महूचे पशुचिकित्सा महाविद्यालय १९५५ सालापासून उभे आहे. माळवी आणि निमाडी या आपल्या भागातल्या गुरांच्या जाती. त्यांच्यामध्ये राहून शिकण्याची सोय दारात आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते महाविद्यालय आतून पाहिले आहे?

महू, जबलपूर किंवा रीवा येथून पदवी घेतल्यावर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून इज्जतनगरला एम.व्ही.एस्सी.साठी जाता येते, आणि त्यापुढे पीएच.डी.साठीही. रोगनिदान, शल्यचिकित्सा, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, अनुवंशशास्त्र असे पुष्कळ विषय तेथे आहेत. संस्थेची खरी ख्याती याच पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची आहे. तेव्हा ज्याला संशोधक व्हायचे आहे, त्याने महूची साडेपाच वर्षे ही पहिली पायरी समजावी.

हे शिक्षण कुणासाठी?

खरे ते सांगितले पाहिजे. हे काम स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांतले नाही. अडलेल्या म्हशीची सुटका करायची तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. जनावर दुखते कुठे ते सांगत नाही, लाथ मात्र मारते. रात्री-अपरात्री बोलावणे येते. पगार आणि मान शहरातल्या एमबीबीएस डॉक्टरइतका मिळेलच असे नाही. ज्याला रक्तामांसाची किळस वाटते किंवा जो केवळ 'डॉ.' या दोन अक्षरांसाठी येतो, त्याने या वाटेला जाऊ नये. एमबीबीएस हुकले म्हणून रडत रडत येणारा मुलगाही येथे रमत नाही. मी त्याला आधी महूला जाऊन एक दिवस ओपीडीत उभे राहून यायला सांगतो.

पण ज्याला प्राण्यांची माया आहे आणि ज्याची बुद्धी "हे असे का झाले" हे विचारते, त्याला येथे काम कमी पडणार नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन आहे. राज्य सरकारच्या पशुचिकित्सा विभागातील नोकऱ्या, दुग्ध सहकारी संघ, कुक्कुटपालन, लसी व औषधांचे कारखाने, प्राणिसंग्रहालये आणि वनविभाग, सैन्यातील रिमाउंट ॲण्ड व्हेटरिनरी कोअर, कृषी संशोधन सेवा, बँका, शहरातील कुत्र्यामांजरांचे दवाखाने, अशी कामाची क्षेत्रे पुष्कळ आहेत. माणसांना होणारे कितीतरी साथीचे रोग मुळात प्राण्यांकडून येतात. रेबीज आणि बर्ड फ्लू ही त्यांतली ओळखीची नावे. त्यांच्यावर पहिली नजर असते ती पशुवैद्याची.

मुलींच्या पालकांना एक शब्द. "मुलीच्या जातीला हे झेपेल का?" असे मला मागच्या वर्षी एका आईने विचारले. मी त्यांना म्हटले, "ताई, तुमच्या माहेरी गोठा होता ना? तिथे रात्री उठून गाईजवळ कोण बसायचं?" त्या हसल्या. गोठा पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच सांभाळला आहे. आता त्यांच्या हातात स्टेथोस्कोप आला, तर त्यात अवघड वाटण्यासारखे काय आहे?

एक विनंती

दलालांपासून सावध राहावे. "जागा मिळवून देतो" असे सांगणारा माणूस पालकांना काउन्सेलिंगच्या दिवसांत हमखास भेटतो. शासकीय जागा गुणानुक्रमाने भरतात. पैसे देऊन मिळतो तो फक्त मनस्ताप.

आणि विश्वस्त मंडळास नम्र निवेदन. जीवशास्त्राचा वर्ग लहान आहे, खर्च तितकाच आहे, ही अडचण मी रोज पाहतो. परंतु वर लिहिलेले सर्व, म्हणजे नीट, महू, जबलपूर, इज्जतनगर, अकरावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलालाच खुले आहे. जो विषय आपण शिकवणार नाही, त्याची वाट आपल्या मुलांसाठी पंधराव्या वर्षीच बंद होते. दुसऱ्या शाळेत जाण्याची ऐपत ज्याच्या घरी आहे, तो जाईल. ज्याच्या घरी नाही, तो कॉमर्स घेईल आणि आपल्याला काय मिळू शकले असते हे त्याला कळणारही नाही. मंडळाने निर्णय घेताना खर्चाच्या आकड्यांबरोबर हाही हिशेब मांडावा.

माझ्याकडून एवढे करतो. येत्या सत्रात नववी-दहावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना महूच्या महाविद्यालयात एक दिवस घेऊन जाण्यासाठी मी परवानगीचे पत्र पाठवत आहे. पालकांपैकी कुणाला बरोबर यायचे असल्यास कार्यालयात नाव नोंदवावे. जुने कपडे आणि बंद बूट घालून यावे; शेणात पाय पडेल.

सर्व विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

— प्राचार्य